अर्ध्या ‘व’ची लबाडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बायकोपासून काही लपवणं म्हणजे काय, हे संसार केलेल्यांना कळेल. तसं गुपित लहानच आहे. अर्ध्या अक्षराएवढं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झालो तरी चौकातले फ्लेक्स वाचताना हात अजून खिशात लाल पेन शोधतो. ‘रक्तदानाचे जाहीर आव्हान’ असं दिसलं की मी रिक्षा थांबवून — हो, थांबवलेली आहे — मंडळाच्या पोरांना सांगायचो, अरे बाबांनो, आव्हान म्हणजे ‘या, लढा’. आवाहन म्हणजे ‘या हो’. रक्त मागताय की सांडायला बोलावताय? लोकांना मी असह्य व्हायचो. मला मजा यायची.

आणि असल्या मास्तरची मुलगी इंग्रजी माध्यमात. का? सगळ्यांची होती म्हणून. तो वेगळा गुन्हा आहे, तो सोडा.

ऋजुता सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि कोलशेतला एका प्रयोगशाळेत लागली. करोनाची पहिली लाट ओसरत होती, लस अजून यायची होती, तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली. नेहमीच्या चाचणीत हजारो लोकांना टोचतात आणि मग त्यांच्यातल्या कोणाला आजार आपोआप गाठतो याची वाट बघतात. त्याऐवजी थोड्या धडधाकट तरुणांना, त्यांच्या पूर्ण संमतीने, लस देऊन मुद्दाम जंतूंसमोर उभं करायचं — डॉक्टरांच्या नजरेखाली. उत्तर लवकर मिळतं. वाट बघण्यात जे मेले असते त्यांतले काही वाचतात. इंग्रजीत याला चॅलेंज ट्रायल म्हणतात. आपल्याकडेही हे व्हावं आणि त्यासाठी आपण निवडून दिलेल्यांनी तोंड उघडावं, असं तिचं म्हणणं. मी पुष्कळ शंका काढल्या. तिने एकेक करून निकालात काढल्या. मला पटलं. हे नीट लक्षात घ्या — मला पटलं होतं. आजही पटतं.

मग ती म्हणाली, “आणि पहिलं नाव माझं.”

एका लोकप्रतिनिधींची वेळ मिळाली. कुठल्या पातळीवरचे ते सांगत नाही. फ्लेक्सवर सगळे सारख्याच आकाराचे असतात. आदल्या संध्याकाळी मी गवार मोडत बसलो होतो. तिने विचारलं, “बाबा, चॅलेंज ट्रायलला मराठीत काय म्हणू? साहेबांना इंग्रजी झेपत नाही म्हणे.”

मी म्हणालो, “आवाहन चाचणी.”

जीभ घसरली? तसं म्हणता आलं असतं. पण जन्मभर ज्याने हाच एक फरक फळ्यावर लिहिला, त्याची जीभ नेमकी तिथे कशी घसरेल? ‘आव्हान’ म्हटलं की साहेब विचारणार, कसलं आव्हान, कोणाला? मग ती समजावणार, आणि समजावणं तिला फार छान येतं. ‘आवाहन’ म्हटलं की कोणी काही विचारणार नाही. आवाहन करणं हा तर साहेबांचा व्यवसाय. हे सगळं मला एक शेंग मोडेपर्यंत दिसलं. बरीच गवार शिल्लक होती, दुरुस्त करायला वेळ होता. मी भाजी निवडून संपवली.

साहेबांनी तिला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. “आवाहन ना? करू की! जोरात करू. पोरगी हुशार आहे हो, सर,” ते माझ्याकडे वळून म्हणाले.

“तसं नाही साहेब, त्यात व्हॉलंटियर्सना मुद्दाम इन्फेक्शन—”

“अहो ताई, इन्फेक्शन होऊ नये म्हणूनच तर आवाहन!”

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. एक शब्द पुरे होता. मी मास्क खाली करून चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. ‘लस येताच घ्या — जाहीर आवाहन. संकल्पना : कु. ऋजुता.’ साहेब कमरेपर्यंत, ती पासपोर्ट फोटोएवढी. शुद्धलेखन निर्दोष. प्रयोगशाळेत आंबिवलीहून येणारी तिची एक मैत्रीण होती, तिने सगळ्यांसमोर फोड केली — अगं, चॅलेंज म्हणजे आव्हान, तू तर अपील करून आलीस! हशा पिकला. घरी येऊन ऋजुता म्हणाली, “मीच चुकीचं ऐकलं ना, बाबा? तुम्ही बरोबरच सांगितलं असणार.”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

साहेबांकडे परत जायला तिला तोंड राहिलं नाही. विषय संपला. मला हवा तसा.

लस आली तेव्हा मी रांगेत पुढे होतो. तिच्या चाचण्यांत कोणाकोणाच्या मुलांनी माझ्याआधी दंड पुढे केले होते. त्यांच्या बापांना काय वाटलं असेल? मला तेव्हा हा प्रश्न पडला नाही. मी दुसऱ्या डोसची तारीख विचारली.

आणि मला झोप लागते. पश्चात्तापाने खंगलेला म्हातारा तुम्हाला हवा असेल, तर तो मी नव्हे. ऋजुता ठणठणीत आहे, रविवारी नवऱ्याला घेऊन येते, आम्ही चौघं पत्ते खेळतो, ती मला हरवते. मी सुखी आहे. ‘खोट्यावर उभारलेलं सुख कडू लागतं’, असं मी मुलांकडून निबंधात लिहून घ्यायचो. नाही लागत.

गेल्या आठवड्यात सकाळीच तिचा फोन आला. आता टायफॉइडच्या लशीसाठी ती आणि तिचे सहकारी पुन्हा लोकप्रतिनिधींना भेटताहेत. म्हणाली, “बाबा, आव्हान चाचणी. आव्हानच ना? नक्की सांगा हं. मागच्या वेळी मी माती खाल्ली होती.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. दार तिने स्वतः उघडून दिलं होतं.

“आव्हान. नक्की,” मी म्हणालो. “आणि मागचं विसर गं. चुका सगळ्यांच्याच होतात.”

“थँक यू, बाबा,” ती म्हणाली. अगदी मनापासून.

मी फोन ठेवला आणि पोहे खाल्ले. छान झाले होते.