जाणाऱ्याची झडती

परवा आमच्या भेस्तानच्या फ्लॅटमध्ये नवा राउटर बसला. बसवणारे गृहस्थ घाईत होते. वायर ओढली, दिवे लागले, आणि निघता निघता म्हणाले, "मॅडम, पासवर्ड एकदम सोपा ठेवलाय. आम्ही सगळीकडे तोच ठेवतो." ते जिना उतरून रस्त्याला लागायच्या आत मी तो बदलला. आधी वायफायचा, मग त्या डबीच्या आतल्या सेटिंगचा. हे दोन पासवर्ड वेगळे असतात आणि दुसऱ्याला सहसा कोणी हात लावत नाही. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "उद्यापासून दूधवाल्यालाही पासवर्ड विचार." घरात माझी ही थट्टा नेहमीची. मी चिडत नाही. म्हणजे चिडते, पण दाखवत नाही.

त्या डबीचं काम तसं सोपं असतं. घरातल्या कोणी बाहेरून काही मागवलं, तर ते आत येऊ द्यायचं. न बोलावता कोणी दाराशी आलं, तर त्याला बाहेरच उभं करायचं. बाकीचं सगळं शास्त्र नंतरचं. मला हे कळलं तेव्हा राउटर हा शब्द मी ऐकलाही नव्हता. शतक संपायला आलं होतं आणि सुरतेत इंटरनेट नुकतंच फोनच्या तारेतून, कर्कश ओरडत, यायला लागलं होतं.

पण आधी आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. साक्रीकडचं गाव सोडून ते सुरतेत आले आणि बमरोलीला एका खोलीत आमचा संसार मांडला. साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये ते फोल्डिंग खात्यात होते. तयार साडीची घडी घालायची, पट्टी लावायची, गठ्ठा बांधायचा. हातात दिवसभर कोरा माल, म्हणून सुटताना गेटवर या खात्याची झडती सगळ्यात कडक. खांदे, कंबर, पायजम्याचा नेफा, जेवणाचा डबा. कामगार साडी पोटाला गुंडाळून नेतात, असा मालकांचा पक्का समज होता.

ही झडती आम्ही भावंडांनी कधी पाहिली नव्हती. पाहिलं होतं ते एवढंच, की कुठल्याही फाटकातून जाताना आप्पांची चाल मंदावायची आणि दोन्ही कोपरं अंगापासून थोडी वर उचलली जायची. दवाखान्याचं फाटक असो, देवळाचं असो की आमच्या शाळेचं. त्यांना ते कळतही नसे. आम्हाला मात्र ती पाखराच्या पंखांसारखी दिसायची आणि चांगलीच गंमत वाटायची. "आप्पा, उडी राहिनात का?" असं विचारून आम्ही खिदळायचो. तेही हसायचे आणि हात खाली घ्यायचे. माय कधीच हसायची नाही, आणि ती का हसत नाही हे विचारायची आम्हाला गरज वाटली नाही.

बारावीनंतर मी उधन्याला कॉम्प्युटरचा क्लास केला आणि कतारगामच्या एका साडीवाल्या शेठकडे कामाला लागले. त्यांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिथे कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, खिडकीत एसी, आणि मी. साडीच्या प्रिंटचं डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचं आणि प्रत्येक रंग वेगळा करून द्यायचा, हे माझं काम. शेठ हिशेबी पण बोलायला गोड. शेठाणी दुपारी मला वर चहा पाठवायच्या, आणि मी जेवताना कोणी खोलीत येणार नाही असं बघायच्या. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणते आणि भिंतीकडे तोंड करून खाते, हे त्यांना बहुधा कळलं होतं.

संध्याकाळी घरी आले की आप्पा रोज एकच प्रश्न विचारायचे. काम काय केलं, शेठ काय म्हणाले, यातलं काही नाही.

"तुनी झडती लेतस का तठे?"

"नही, आप्पा."

"मंग बरं शे."

एवढ्यावर त्यांचं समाधान. ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगायचे, "मनी पोर एसीमा बसस. निंघताना तिले कोनी हात लावत नही." माझ्या डिझाइनचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही, कारण त्यातलं त्यांना काही समजत नव्हतं. पण माझ्या अंगाला कोणी हात लावत नाही, हे त्यांच्या दृष्टीने आमच्या घराण्यातलं पहिलं प्रमोशन होतं. मला त्यांच्या या बोलण्याची लाज वाटायची. पोरीबद्दल असं कोणी चारचौघांत बोलतं का?

लग्नसराईसाठी मी एक डिझाइन करत होते. आमच्या गावाकडच्या वांग्याच्या झाडाचं जांभळं फूल, मध्ये पिवळा ठिपका. शेठना ते परदेशी फूल वाटलं आणि ते फार खूश झाले. मीही गप्प बसले. वांगं म्हटलं असतं तर भाव उतरला असता. डिझाइन अजून पुरं व्हायचं होतं, एका फुलाचा देठ जोडायचा राहिला होता. आणि एक दिवस शेठ मार्केटमधून एक साडी घेऊन आले. दुसऱ्याच कोणाच्या दुकानातली. तीच फुलं, तेच रंग, आणि तेच एक फूल देठावाचून हवेत लोंबकळणारं.

सुरतेत डिझाइनची नक्कल होणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. साडी बाजारात आली की आठवड्याभरात तिची बहीण शेजारच्या दुकानात दिसते. पण ही साडी आमची साडी निघायच्या आधी आली होती, माझ्या चुकीसकट. म्हणजे फाइलच बाहेर गेली होती. आणि त्या कॉम्प्युटरवर बसणारी मी एकटी.

 शेठ पंख्याकडे बघत होते. बोलल्या शेठाणी, त्याही अगदी हळू, जिन्याखाली, मी चपला घालत असताना.

"बेन, जरा थेली बताव ने."

मी पिशवी दिली. फ्लॉपी शोधत होत्या त्या. त्यांनी कंगवा काढला, रुमाल काढला, फाटलेल्या अस्तरात बोट घालून पाहिलं. डबाही उघडला. उरलेली अर्धी भाकरी तेवढी होती. प्रत्येक वस्तू त्यांनी होती तशी परत ठेवली, हे मी आजही त्यांच्या बाजूने सांगते. पिशवी परत देऊन त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं हे त्यांना समजेना. मला समजलं. त्यांनी काही म्हणायच्या आधी माझी दोन्ही कोपरं अंगापासून वर उचलली गेली.

मिलचं गेट मी कधी ओलांडलं नव्हतं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी माझे हात बरोबर तितकेच वर गेले, आप्पांचे जातात तितके. शेठाणींनी माझ्या कमरेवरून हात फिरवला आणि मान खाली घातली. मी चोरी केली नव्हती, पण लाज मात्र चोरापेक्षा जास्त वाटली. चोराला निदान काही मिळालेलं असतं. आणि त्या लाजेच्या खाली आणखी एक लाज होती. लहानपणापासून आम्ही ज्याला हसत आलो ते काय होतं, ते मला त्या जिन्याखाली पहिल्यांदा कळलं.

"बोलावीन तेव्हा ये," शेठ वरून म्हणाले.

घरी आले. पायावर पाणी घेत होते तोच प्रश्न आला. "झडती लेतस का?" मी नही म्हटलं. कॉम्प्युटर बिघडलाय, चार दिवस सुट्टी आहे, असंही सांगून टाकलं. आप्पा म्हणाले, आराम कर. मी कसला आराम करते! मार्केटात नाव खराब झालं की या शहरात मला कोणी डिझाइनला बसवणार नाही, ही भीती होतीच. पण खरं सांगू, नोकरी गेली असती तरी चाललं असतं. आप्पांना कळता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. ओट्यावर त्यांचं "मनी पोर एसीमा बसस" चालूच होतं आणि मी आत बसून तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडत होते.

तिकडे कतारगामला काय घडलं, ते शेठाणींनी मला नंतर सांगितलं. वरच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. भर दुपारी खालच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट लावून त्या परदेशातल्या भावाला मेल लिहीत होत्या. अचानक वर प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला. कुलूपबंद, रिकाम्या खोलीत. घाबरून त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग शेठना हाक मारली. दोघं वर गेले. प्रिंटरमधून एक कागद बाहेर आला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत कोणीतरी फक्त 'हॅलो' लिहिलं होतं.

शेठनी कॉम्प्युटर बसवणाऱ्याला बोलावलं. घोटाळा त्यानेच करून ठेवला होता आणि आता डोकं खाजवत त्यानेच तो शोधला. खालचा आणि वरचा कॉम्प्युटर तारेने जोडलेले होते. एकातल्या फाइली दुसऱ्यावर दिसाव्यात, खालून वरचा प्रिंटर चालावा, म्हणून त्याने सगळं मोकळं ठेवलं होतं आणि वरचा कॉम्प्युटर कधी बंद करू नका म्हणून सांगितलं होतं. पासवर्ड नाही. घरच्या घरात कसला पासवर्ड, असं त्याचं म्हणणं. पण खालून फोन लावून इंटरनेट सुरू झालं की तेच मोकळं दार बाहेरच्यांनाही मोकळं होत होतं. गावातला कोणीही रिकामटेकडा फोनच्या तारेतून आत यायचा, वरच्या खोलीत फिरायचा, हवं ते उचलायचा, आणि लहर लागली तर हॅलो म्हणून जायचा. मार्केटातल्या कोणाचा तरी माणूस असाच आत येऊन माझी वांग्याची फुलं तोडून गेला होता.

मग त्याने जिन्याखाली एक जुना, टाकाऊ कॉम्प्युटर बसवला. त्यावर कोणी काम करायचं नाही. फोनची तार फक्त त्याच्याकडे, आणि घरातले दोन्ही कॉम्प्युटर त्याच्या पाठीमागे. आतून मागितलेलं तेवढं आत, न मागितलेलं बाहेर. माझी पिशवी उघडली होती, अगदी त्याच जागी तो बसला. झडती जाणारीची घेतली आणि येणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. मला याचा राग येतो, अजून येतो.

शेठ आमच्या घरी आले तेव्हा आप्पांना सुट्टी होती. बमरोलीच्या आमच्या गल्लीत स्कूटर लावून, हातात घारीच्या मिठाईचा खोका घेऊन, घर विचारत विचारत आले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी त्यांना बघताच पुढे धावले. "शेठ, बाहेर बोलू ना," असं दोनदा म्हटलं. पण माणूस सरळ होता, हीच पंचाईत. चूक केली आहे, तर मुलीच्या बापाची माफी मागायची, असं ठरवून आले होते. आप्पा उंबऱ्याच्या आत उभे होते. शेठनी सगळं सांगितलं. कुलूप, प्रिंटर, तार. आणि मग म्हणाले, "काका, तमारी दीकरीनी झडती लीधी अमे. भूल थई गई. माफ करजो."

आप्पांचा सुरतेत जन्म गेला होता. तेवढी गुजराती त्यांना कळत होती.

शेठनी दोन्ही हातांनी खोका पुढे केला. आप्पांनी तो घ्यायला हात पुढे करायला हवे होते. ते पुढे आले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात, शेठचे हात अंगाकडे येताना बघून, त्यांची दोन्ही कोपरं बाजूला वर उचलली गेली. शेठ गोंधळून खोका धरून उभे राहिले. माझी भावंडं मागे उभी होती. उडी राहिनात का, असं कोणीच म्हटलं नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दोघांच्या मध्ये शिरले आणि खोका घेतला. माझी पाठ आप्पांकडे होती, त्यामुळे हात त्यांनी कधी खाली घेतले ते मला दिसलं नाही.

मी कामावर परत गेले. जिन्याखालच्या त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड शेठनी मला ठेवायला सांगितला. बसवणाऱ्याने दिलेला काढून मी माझा ठेवला, आणि तेव्हापासून ती सवय लागली ती आजतागायत. बाहेरचं कोणी परत वर आलं नाही. शेठाणींनी माझ्या पिशवीकडे पुन्हा कधी पाहिलंही नाही.

संध्याकाळी घरी यायची, पायावर पाणी घ्यायची आणि थोडी थांबायची. आप्पा ओट्यावर असायचे. तो रोजचा प्रश्न आता विचारायचे नाहीत. एकदा मीच न राहवून म्हटलं, "आप्पा, आते नही लेतस हां झडती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"जेवी ले," ते म्हणाले.