फिकट फोड

ते फोड मला दिसले होते. ही गोष्ट मी कितीतरी वर्षे कुणालाही सांगितली नाही.

अमरावतीत राजापेठेत माझा दवाखाना होता. कापसाला भाव नसलेली, शेतकऱ्यांची ती वाईट वर्षे चालू होती. मोर्शीकडून झेंडूचे हार विकायला येणारी एक तरुण बाई पाळीच्या दिवसांत वेदनेने दुमडून जायची. पोटात दुर्बीण घालून पाहिले, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर ओटीपोटात रुजली होती. एंडोमेट्रिओसिस. काळे डाग मी काढले. त्यांच्या शेजारी पाण्यासारखे फिकट फोड होते. शंका आली, पण शिकताना डाग काळेच पाहिले होते, म्हणून ते राहू दिले. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला सांगितले, "सगळं काढलं."

काही महिन्यांनी ती पुन्हा आली. त्या काळात कुणाचे काहीही दुखले तरी आम्हा डॉक्टरांपाशी एक तयार उत्तर असे.

"टेन्शन आहे. दिवसच तसे आहेत."

"म्हंजे कापसाले भाव भेटला का माहं पोट दुखनं थांबन?" ती म्हणाली. "आमच्या वावरात तं झेंडू हाये, डॉक्टरसाहेब!"

बाहेर बसलेले हसले. मी तिला न तपासताच गोळ्या लिहून दिल्या.

पुढे अकोल्यात एका प्रयोगशाळेत याच आजाराच्या ऊतींवर काम सुरू झाले, तेव्हा मी हट्टाने त्यात शिरलो. रोगट पेशींवर जास्त आढळणारे एखादे प्रथिन खूण म्हणून हाती लागले, तर त्याला चिकटणारे चमकते द्रव्य देऊन डोळ्यांना न दिसणारा रोग शस्त्रक्रियेतच कॅमेऱ्यावर दाखवता येईल, ही त्यामागची आशा. शस्त्रक्रियांत काढून मेणात जपलेले जुने तुकडे तपासायला त्या त्या बाईची संमती लागे. त्या हारवालीचा तुकडा वगळणे सोपे होते, म्हणजे तिच्यासमोर जावे लागले नसते. मी तो वगळू दिला नाही.

मोर्शीला गेलो. ती अंगणात हार ओवत होती, मधूनच एक हात पोटावर दाबत.

"टेन्शन पाहाले आले काय?"

मी खाली बसलो. कशासाठी आलो ते सांगितले. पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल, हवी तर दुसऱ्या डॉक्टरांकडून, हेही सांगितले.

"पन तुमी तं सगळं काढलं होतं ना?" ओवणे थांबवून तिने विचारले.

"नाही. फिकट फोड मला दिसले होते, मी ते सोडले आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुमचं दुखणं खरं होतं. माझं चुकलं, बाई. मला माफ करा."