शाबा मास्तरांना कोणी उलट बोलेना

आमच्या चिपाता गावातले लाझारो शाबा प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. वय सत्तावन्न. पदवी नसेल तर खुर्ची सोडावी लागेल असं पत्र आलं, तेव्हा त्यांनी दूरशिक्षणाला नाव घातलं. मी त्यांची शेजारीण; फोनला रेंज माझ्याच व्हरांड्यात मिळते, म्हणून रोज दुपारी चारला ते इथे येऊन बसत.

दर आठवड्याला ऑनलाइन चर्चा असे. आपलं मत लिहायचं, सोबतच्या विद्यार्थ्यांनी आक्षेप घ्यायचे, त्यांतल्या दोघांना तरी उत्तर द्यायचं; तरच गुण. मास्तरांना पाच आठवडे शून्य मिळालं होतं. पाचही तारखा माझ्या वहीत आहेत. आणखी एक शून्य म्हणजे नापास.

"अमाय, वर्गातली मुलं माझ्याशी भांडतच नाहीत," मास्तर म्हणाले. आमच्याकडे बाईला मानाने अमाय म्हणतात.

मला नवल वाटलं. मी फोन मागून घेतला. मास्तरांनी आपल्या शाळेचा नियमच लिहिला होता: सकाळी सातला फाटक बंद करावं, उशिरा येणाऱ्याला घरी पाठवावं. खाली एकोणीस जणांचं एकच, 'धन्यवाद, सर.' इतरांच्या मतांखाली मात्र खडाजंगी चाललेली.

"तुमच्या वयाच्या माणसाला चूक कोण म्हणेल?" मी म्हणाले.

"मग वय कुठे लपवू?"

ते नावं वाचत गेले आणि एका नावावर थांबले. चिलेशे न्कांदु, कासामा. कासामा गावची, म्हणजे बेम्बा जमातीची. आम्ही न्गोनी. आमचे पणजोबा एकमेकांवर भाले घेऊन धावले होते, तेव्हापासून एकमेकांची टर उडवायचा हक्क दोन्ही जमातींना आहे, अगदी मयताच्या घरीसुद्धा. तिथे वय बघत नाहीत. ते माकडं खातात, आम्ही उंदीर, ही नेहमीची टर.

मास्तरांनी लिहिलं, 'माकडं खाऊन कासामाच्या मुलींची जीभ जड झाली वाटतं.'

"शिकवणारे रागावले तर?" मी विचारलं.

"शून्याच्या खाली काय देणार?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'आजोबा, उंदरांची बिळं खणायला तुम्ही न्गोनी पहाटे पोचता, म्हणून सगळ्यांनी पोचावं? मी शिकवते त्या वर्गातली एक मुलगी पाणी भरते, धाकट्याला न्हाऊ घालते, मग पाच किलोमीटर चालते. फाटक कोणासाठी बंद करताय?'

मग बाकीच्यांनाही धीर आला. दुसऱ्या दिवशीपर्यंत अकरा आक्षेप. दोन उत्तरं पुरेशी होती, मास्तरांनी दहा लिहिली. चिलेशेचं तेवढं राहिलं.

"अमाय, 'तू बरोबर आहेस' हे उत्तर धरतात का?"

"तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं. 'धरतात, उंदीरखाऊ आजोबा,' तिने लिहिलं. 'पण फाटक कधी उघडताय?'

मास्तरांनी फोन जवळ ओढला. मग एका बोटाने लिहिलं, 'सोमवारी.'