चकचकीत बाजूची पूजा

मुरबाडला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. एकदा मी हौसेनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि मराठी टायपिंगचं पॅकेज बिघडलं. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. समोर टोकावड्याचे वधूपिता बसलेले. पहिली पत्रिका त्यांना त्याच संध्याकाळी गावदेवीपुढे ठेवायची होती.

"चालत व्हतं त्याला हात कशाला लावला, भाऊ? आता देवीला काय चौकोन दाखवू?"

मी सीडीवरून पॅकेज पुन्हा टाकू लागलो, तर ते दरवेळी अर्ध्यावर अडकायचं. मी नव्या सिस्टीमला शिव्या घातल्या, विजेलाही घातल्या. डबा घेऊन आलेल्या बायकोनं सीडी काढून उलटी केली. दसऱ्याला मशीनबरोबर सीडीचीही पूजा झाली होती. चकचकीत बाजूवर हळदकुंकू वाळलं होतं.

"मी छापील बाजूला लावत होते. तुम्हीच म्हणालात, चकचकीत ते तिचं तोंड!"

तिनं सीडी साबणानं धुऊन पदरानं पुसली. पॅकेज सरळ शेवटपर्यंत गेलं आणि पडद्यावर गणपतीचं नाव उमटलं.

छापलेली पत्रिका हातात येताच वधूपित्यांनी कोपऱ्यांना लावायला हळदकुंकू मागितलं. मी आधी सीडी कपाटात ठेवली, मग डबी दिली.