तयार माणूस

दसऱ्याच्या तोंडावर आमच्या शोरूममधली दोन माणसं एकदम सोडून गेली. एकाला चिकलठाण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि दुसऱ्यानं सासऱ्याबरोबर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. जालना रोडवरच्या त्या मोटरसायकलींच्या शोरूममध्ये मी सेल्स मॅनेजर होतो, त्यामुळं नवी माणसं शोधणं माझ्याकडं आलं. आमचं सगळं वर्ष दसरा-दिवाळीवर उभं असायचं, आणि दसरा जवळ आला होता.

मालक माझ्यापेक्षा बरेच लहान. शोरूम त्यांच्या वडिलांनी शेती सांभाळून उभं केलेलं. वडील गेल्यावर ते मला काका म्हणू लागले आणि मी त्यांना दादा.

"काका, तयार माणूस घ्या," ते म्हणाले. "आता शिकवत बसायला वेळ नाही."

मी म्हणालो, "तयार माणूस जसा दुसरीकडून आपल्याकडं येतो, तसाच आपल्याकडून दुसरीकडं जातो. नवा माणूस घेऊन शिकवला तर निदान थोडा टिकतो."

"मग दोन्ही घ्या. एक तयार, एक नवा. पण दसरा तयार माणसाच्या जिवावर काढायचा."

तयार माणूस लगेच सापडला. चाळिशी ओलांडलेला, केस रंगवलेला, शहरातल्या बहुतेक शोरूममध्ये काम करून झालेला. मराठी, हिंदी, दखनी, समोरचा जे बोलेल ते तो बोलायचा. आधीची नोकरी का सोडली असं विचारलं, तर म्हणाला, "तिथं मला सगळे ओळखायला लागले होते." मुलाखत चालू असतानाच तो उठला आणि दारातली गाडी त्यानं रस्त्याच्या बाजूला तोंड करून लावली. "जाणाऱ्याला हेडलाइट दिसला पायजे," असं म्हणून परत येऊन बसला. मी त्याला तिथंच घेतला.

नवी जी आली ती रिसेप्शनची जागा आहे का हे विचारायला आली होती. तिशीतली बाई, उस्मानपुऱ्यातल्या एका लहान बालवाडीत शिकवायची, ती बालवाडी बंद पडली होती. रिसेप्शनची जागा नव्हती. पण ती थांबली होती तेव्हा एका गिऱ्हाइकाचं पोरगं गाडीवर चढून बसलं होतं आणि आई ओरडली तरी उतरत नव्हतं. ही उठली आणि त्याला म्हणाली, "हॉर्न कुठं असतो, मला दाखव बरं." पोरगं हॉर्न दाखवायला पुढं वाकलं तेवढ्यात हिनं त्याला अलगद उचलून खाली ठेवलं. मी तिला आत बोलावलं आणि विचारलं, गाड्या विकाल का.

"मला स्कूटी येते," ती म्हणाली. "गिअरची गाडी येत नाही."

"शिकाल?"

"शिकेन."

मी त्या तयार, धंद्यात जुन्या झालेल्या माणसाला सांगितलं की हिला तयार करायचं काम तुमचं. त्यानं मान हलवली. पण दुपारी चहाच्या टपरीवर मला एकट्याला गाठून म्हणाला, "सर, गाडी चालवायला शिकवतो. गाडीची माहिती सांगतो. पण गिऱ्हाईक कसं बांधायचं ते नाय शिकवणार."

"का?"

"माझ्याकडं दुसरं काय हाय? डिग्री नाय, जमीन नाय. हे एवढंच हाय. ते वाटून टाकलं तर पुढच्या दसऱ्याला तुम्ही मला कशाला ठेवाल?"

 मी चहा संपवला.

चालवायला मात्र त्यानं मनापासून शिकवलं. चिकलठाण्याच्या कारखान्यांमागं सकाळी मोकळे असणारे रस्ते आहेत, तिथं तो तिला डेमोची गाडी घेऊन न्यायचा आणि स्वतः कडेला उभा राहून सूचना द्यायचा. गाडी चालवता न येणारं माणूस शेजारी उभं राहून गाडी विकतंय म्हटल्यावर आपली इज्जत जाते, असं त्यानं मला कारण सांगितलं. एक दिवस ती कोपराला पट्टी बांधून कामावर आली. उंच गाडी बघायला आलेल्या एका बुटक्या तरुणाला तिनं सांगितलं, "मी आज सकाळीच हिच्यावरून पडले. तुमचे पाय टेकतात का, तेवढं बघून घ्या." त्यानं बघितलं आणि कमी उंचीची गाडी घेतली.

पण असं खरं बोलून तिनं एक गिऱ्हाईक घालवलंही. त्या वर्षी एका मॉडेलच्या लाल रंगाची फार ओढ होती आणि कंपनीकडून लाल गाड्या कमी येत होत्या. एक जण दसऱ्याला लाल गाडी हवी म्हणून आला. दिवाळीआधी मिळणार नाही, असं तिनं सांगितलं. तो उठून समोरच्या शोरूममध्ये गेला. दादांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यांचं म्हणणं मला कळलं.

जुना माणूस तिला म्हणाला, "ताई, नाही हा शब्द शेवटी वापरायचा. आधी माणूस खुर्चीवर बसवायचा."

"आणि दसऱ्याला गाडी आलीच नाही तर?"

"तवाचं तवा बघू."

दसऱ्याच्या दिवशी तिनं सकाळची सुटी मागितली होती. त्या दिवशी कुणाला सुटी द्यायची नाही असा आमचा नियम होता. ती म्हणाली, "सर, आमचा पण मोठा दिवस असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी लेणीवर जाऊन येते, मग दिवसभर थांबते." मी दादांना न विचारता हो म्हणालो. ती पांढऱ्या साडीतच शोरूमला आली. तोवर आत पाय ठेवायला जागा नव्हती. हार, नारळ, पेढे, फोटो काढणारी पोरं, सगळं एकाच वेळी चालू होतं.

तेव्हा फुलंब्रीजवळच्या एका गावातलं कुटुंब आलं. म्हातारे वडील, रोज गावाहून चिकलठाण्याला कामाला येणारा मुलगा आणि सून. त्यांना जुन्या माणसानं लाल गाडी कबूल केली होती. तीच लाल गाडी त्यानं उस्मानपुऱ्यातल्या एका घरालाही कबूल केली होती. ते लोक सकाळी लवकर आले, पूजा करून गाडी घेऊन गेले. आणि जुना माणूस कुणाची तरी गाडी पोचवायला बाहेर पडला होता आणि फोन उचलत नव्हता.

मी एका गिऱ्हाइकाच्या कर्जाच्या भानगडीत अडकलो होतो. त्यांना सामोरी ती गेली. तिनं सरळ सांगितलं, "तुमची गाडी सकाळी दुसऱ्यांना गेली. आता लाल शिल्लक नाही."

मुलाचा आवाज चढला.  हातातला झेंडूचा हार मांडीवर घेऊन म्हातारे जिथं होते तिथंच फरशीवर बसले. "आम्ही आता हितंच बसतो," म्हणाले. मी धावत गेलो आणि काळी गाडी लगेच देतो म्हणालो. त्यांनी मान वर केली. "सणाच्या दिवशी काळी न्यायची व्हय?"

तिनं पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. आलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते.

बऱ्याच वेळानं जुना माणूस परत आला. दारातूनच त्याला सगळं दिसलं. आता हा कंपनीवर ढकलणार, नाहीतर हिच्यावर, असं मला वाटलं. त्यानं बूट काढले, म्हाताऱ्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घातली आणि म्हणाला, "बाबा, गाडी मी विकली. एकच गाडी दोघांना विकली. ह्यांची कुणाची चूक नाय."

"खोटं बोललास."

"व्हय. बोललो."

 थोड्या वेळानं त्यानं विचारलं, कपाशी कशी आहे. म्हाताऱ्यांनी सांगितलं. मग बैलांचं निघालं, मग गावातल्या कुणाचं तरी. शेवटी तो म्हणाला, "दिवाळीच्या पाडव्याला लाल गाडी तुमच्या दारात आणतो. मी सोता येतो." म्हातारे उठले. आणलेला हार त्यांनी मुलाच्या जुन्या गाडीला घातला आणि ते गेले.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्याकडं आली. "सर, त्यांनी खरंच सांगितलं. मी पण खरंच सांगितलं होतं. मग माझं का नाही ऐकलं बाबांनी?"

"तुम्ही उभ्या राहून सांगितलं," मी म्हणालो. 

पाडव्याच्या आधी जुन्या माणसानं नोकरी सोडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कंपनीचं शोरूम निघालं होतं, तिथं त्याला मॅनेजर केलं. दादा भडकले, त्यांनी त्याचा नंबर ब्लॉक केला. तयार माणूस घ्या हे आपणच म्हणालो होतो, हे त्यांना आठवत असावं, कारण मला ते काही बोलले नाहीत.

लाल गाडी आली. दादा म्हणाले, म्हाताऱ्यांना फोन करून गाडी न्यायला बोलवा.

"दारात द्यायचं ठरलंय," ती म्हणाली.

"ते त्याचं ठरलं होतं. तो गेला."

"त्यांना शोरूमनं सांगितलं असंच वाटतंय, दादा."

पाडव्याला आमचा टेम्पो मोकळा नव्हता. तिनं म्हाताऱ्यांना फोन करून विचारलं की गाडी चालवत आणली तर चालेल का, नव्या गाडीवर तेवढे किलोमीटर पडतील. ते म्हणाले, आण. ती शहराबाहेर कधी मोटरसायकल घेऊन गेली नव्हती, म्हणून मी माझी कार घेऊन मागं निघालो. हर्सूल सोडल्यावर तिनं वेग धरला. चौक्याच्या घाटात ट्रकमागं ती जरा अडखळली, मग सावरली.

आम्ही गावात पोचलो तर म्हाताऱ्यांच्या अंगणात बाजेवर बसून जुना माणूस चहा पीत होता. अंगात नव्या कंपनीचा टी-शर्ट. पाडव्याच्या दिवशी, मॅनेजर असताना, आमच्या शोरूमची गाडी पोचते का ते बघायला तो बसनं आला होता. कधी येणार ते त्यानं म्हाताऱ्यांनाच फोनवर विचारून घेतलेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिला विचारलं, "घाटात कितव्या गिअरवर होती?"

"तिसऱ्या."

"बरं."

सुनेनं गाडीला ओवाळलं. म्हाताऱ्यांनी मुलाला सांगितलं, हिच्या हातून चावी घे. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परत जाताना जुना माणूस माझ्या कारमध्ये पुढं बसला आणि ती मागं.  सावंगी आल्यावर तो अर्धवट मागं वळून म्हणाला, "आता विचारा काय विचारायचं ते. आता माझी खुर्ची तुमच्या शोरूममध्ये नाय."

तिनं विचारायला सुरुवात केली. नवराबायको एकत्र आले तर आधी कुणाशी बोलायचं. नुसतं बघायला आलोय म्हणणाऱ्याला कसं ओळखायचं. भाव सांगितल्यावर गप्प का राहायचं. तो एकेक सांगत गेला, कुठल्या गिऱ्हाइकाच्या वेळी काय झालं होतं त्या उदाहरणासह. मी इतकी वर्षं या धंद्यात होतो, तरी त्यातल्या काही गोष्टी मीही पहिल्यांदा ऐकत होतो. जळगाव रोडवर रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या रांगेत उभ्या होत्या, त्यामुळं त्याला बराच वेळ मिळाला. त्याच्या शोरूमपाशी मी गाडी थांबवली. उतरताना त्यानं तिला बजावलं, "खोटं कबूल करायचं ते मात्र माझ्यावरून शिकू नका. त्याला लई निस्तरावं लागतं."

पुढच्या दोन-तीन वर्षांत दादांनी मला नवी माणसं घेऊ दिली. ती बाई त्यांना शिकवायची आणि काही हातचं राखायची नाही. शिकलेल्यांपैकी काही टिकले, काही विम्याच्या नोकरीत गेले, आणि एक जण थेट त्या जुन्या माणसाच्या हाताखाली गेला. दादांनी याची आठवण मला अनेकदा करून दिली. मग तीही गेली, बीड बायपासला इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम निघालं तिथं, जास्त पगारावर. जाताना रडली वगैरे नाही. तिच्या मुलीची दहावी जवळ आली होती.

तिच्या जागी दादांनी पुन्हा अनुभवी माणूस घ्यायला लावला. त्याच्याविषयी सांगण्यासारखं फारसं काही नाही. वेळेवर येतो, चांगल्या गाड्या विकतो, कुणाशी जादा बोलत नाही. मी निवृत्त झालो तरी तो तिथंच आहे.