अंगठ्याला बांधलेली दोरी

गाडीचा गिअरबॉक्स जळाला त्या दिवसापासून मी गावदेवीच्या देवळाकडे फिरकलो नव्हतो. रागावलो होतो म्हणावं तर तेही खरं नाही. मला लाज वाटत होती. यंदाच्या जत्रेला दादा स्वतः गाडी चालवत तुझ्या दारात येईल, असा शब्द मी देवीला दिला होता, आणि त्या शब्दाचा माझ्या डोळ्यांदेखत धूर झाला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं उभी हयात कर्जत-खोपोली टेंपो चालवला. साखरेच्या आजारात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि टेंपो गेला. तेव्हापासून तो दहिवलीच्या आमच्या घराच्या ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. “याचं बेअरिंग गेलंय,” असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटायचा आणि गप्प व्हायचा. त्याचं ते गप्प होणं मला सोसवत नसे. क्लच नसलेली गाडी एकट्या उजव्या पायावर चालते हे कळलं, तेव्हा मी खटपट करून एक जुनी परदेशी ऑटोमॅटिक गाडी मिळवली. डॉक्टरांनी हो म्हटलं, परवान्याचंही रीतसर झालं. दादानं गाडी अंगणात फिरवली, गावाबाहेर दोनदा नेली, आणि तेवढ्यातच गिअरबॉक्स जळाला.

“बास रं आता,” दादा म्हणाला. “भंगारात दे ही. मला परत आशा लावू नको. पाय गेला तवा रडलो नाय मी, पण हे नाय सोसत.”

मी ऐकलं नाही. खालापूरच्या ऑफिसातून सुटलो की शिळफाट्याला मधू मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जायचो. बऱ्याच खटपटीनं दुसरा गिअरबॉक्स मिळाला. तो चढवताना मधू म्हणाला, “साहेब, ह्यो बी जळला तं तिसरा नाय मिळायचा. मग हिच्यात कोंबड्या पाळा.”

राहिली होती एक केबल. इंजिनावरच्या कार्ब्युरेटरपासून ती थेट गिअरबॉक्समध्ये जाते. चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हे गिअरबॉक्सला तिच्यातूनच कळतं. चढावर पाय पूर्ण दाबला की ती खेचली जाते आणि गाडी आपोआप खालच्या गिअरात उतरून जोर धरते. मधूला असल्या गाडीची सवय नव्हती, मलाही नव्हती. पण हे काम मी त्याला करू दिलं नाही. दादासाठीच्या गाडीत निदान एक गोष्ट माझ्या हातची असावी, असा माझा हट्ट होता. लहानपणी टेंपोखाली पडून दादानं मला शिकवलं होतं, “केबलीला बोटभर ढिलाई ठेवाची. ताणलीस तं क्लच जळलाच समज.” गाडी आणली तेव्हाही ही केबल मीच बदलली होती आणि तशीच ढिली ठेवली होती. या वेळीही भक्तिभावानं तशीच ठेवली.

जत्रा तोंडावर आली होती. एका सकाळी मी एकटाच गाडी तपासायला गॅरेजमधून कर्जतच्या रस्त्याला निघालो. सपाटीवर छान चालली. पुढं एका चढाला पाय दाबला, तर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढं ओढेना. मग तो वास आला, पहिल्या वेळचा, जळक्या तेलाचा. मी लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “माझ्याच्यानं आता होत नाही, आई,” एवढंच तोंडून निघालं. त्यात प्रार्थनेसारखं काही नव्हतं. थकलेला माणूस बोलतो तसं ते होतं.

“पानी पायजे का?” कोणीतरी विचारलं.

रस्त्याकडेच्या आंब्याखाली वाडीवरची एक बाई पळसाची पानं जुळवत बसली होती. फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं मूल. झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधली होती. मी पाणी प्यायलो आणि तिथंच बसलो. बाई पानं लावत होती, नजर पानांवरच होती. झोळीत जरा हालचाल झाली की तिचा पाय आपोआप हलायचा, आणि मूल पुन्हा शांत व्हायचं.

“पाय दुखत नाही का?” मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

ती हसली. “ताणून बांधली तं दुखंल. आन् सैल बांधली तं पोर रडल्यावर कळंल. त्यानं कूस बदलली का अंगठ्याला कळाया पायजे.” मग गाडीकडे बघून म्हणाली, “येवढी लांब गाडी, आन् चढाला बसली? आमची म्हस चढती की!”

मी हसलो नाही. मी उठून बॉनेट उघडलं. बोटभर ढिली केबल समोर लोंबत होती. मी पाय दाबत होतो आणि गिअरबॉक्सला त्याचा पत्ताच नव्हता. गाडी चढावर आहे हे न कळल्यानं तो वरच्याच गिअरात, कमी जोरानं, घसरत, जळत राहिला. पहिला गिअरबॉक्स म्हातारा नव्हता. विकणाऱ्यानं फसवलं नव्हतं. देवीनंही पाठ फिरवली नव्हती. तो मी जाळला होता.

बाईच्या शेजारचा एक दगड मागून घेतला आणि ॲक्सिलरेटरवर ठेवला. केबलीचा नट सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ती शेवटापर्यंत खेचली जाईल अशी लावली. दगड काढला. आता ती सरळ होती, पण ओढ नव्हती. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं, फार काळवंडलेलं नव्हतं. मी वेळेत थांबलो होतो. देवीचं नाव घेऊन चढाला लागलो, पाय दाबला, आणि गाडीनं क्षणभर श्वास घेतल्यासारखं करून खालचा गिअर धरला. आरशात आंबा मागं पडत गेला.

ती बाई कोणी अवतार नव्हती. पुढं कर्जतच्या बाजारात मी तिला पानांचा भारा घेऊन बसलेली पाहिली आहे. म्हणून माझी कृतज्ञता कमी झालेली नाही. मी नेमका तिथं थांबलो, एवढं मला पुरतं.

जत्रेच्या दिवशी देवळाच्या चढावर दादानं पाय दाबला. गाडीनं जोर धरला तसा तो ओरडला, “ओढती रं! ओढती!” वर पोचल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पहिला गिअरबॉक्स माझ्या हातून गेला हेही. त्यानं स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, “ढिलाई ठेवाला शिकवलं कोनी तुला? म्हंजे मीच जाळला म्हन की. चल, नारळ घे.”

देवीसमोर उभा राहिलो तेव्हा मागायला काहीच सुचेना. शरण जाणं म्हणजे हात सैल सोडणं, असं मी समजत होतो, आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत होतो. आता वाटतं, दोरीचं एक टोक देवीच्या अंगठ्याला कधीपासूनच आहे. आपल्या टोकाला ढिलाई राहू नये, एवढंच आपल्या हातात. मी हात जोडले. बाहेर दादा हॉर्न वाजवत होता.