वाक्याचा रकाना

मंगळवारी सकाळी सव्वासातला ताईचा फोन आला. "सुधीर, हे उठत नाहीयेत," एवढंच ती बोलली. येरवड्याला तिच्या घरी पोचायला मला पस्तीस मिनिटं लागली. तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दाजी झोपेतच गेले होते, हृदय थांबलं. वय एकोणसाठ, निवृत्तीला आठ महिने बाकी. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, ते माझ्याकडे आले होते. दोन कप चहा घेतला आणि नेहमीप्रमाणे वही तपासून घेऊन गेले... त्या वहीबद्दलच लिहायचं आहे.

दाजी मूळचे लोणी काळभोरचे. मराठी शाळा, मग आयटीआय, मग एकाच कारखान्यात सगळी नोकरी. फोरमन झाल्यावर त्यांना मीटिंगला बसावं लागे. तिथे एकदा एका तरुण साहेबानं विचारलं, हे काम तुम्हाला 'फीजिबल' वाटतं का? दाजींना शब्द कळला नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून मान हलवली. काम होण्यासारखं नव्हतंच. त्यांच्या हाताखालची माणसं पंधरा दिवस राबली आणि सगळा माल भंगारात गेला. त्या शनिवारी दाजी बुधवार पेठेत गेले आणि एक जुना, पाठ उसवलेला इंग्रजी शब्दकोश घेऊन आले. "एका शब्दापायी माझी माणसं फुकट राबली, पाव्हणं," असं मला म्हणाले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. रोज तीन शब्द, एका दिवसाला एक पान. पानावर चार रकाने: शब्द, इंग्रजी अर्थ, मराठी अर्थ आणि वाक्य. पहिले तीन रकाने ते रविवारी संध्याकाळी आठवडाभराचे भरून ठेवत. चौथा मात्र ज्या त्या दिवशी, आणि त्याला एक अट होती. वाक्य त्या दिवशी खरोखर घडलेल्या गोष्टीचंच हवं. कोशातली वाक्यं ते उतरवत नसत. "त्यातले राजे अन् जहाजं माझ्या काय कामाची? खोट्या वाक्यातला शब्द तोंडात येत नाय."

रविवारी दहाला वही माझ्याकडे येई. मी कारखान्यात माल तपासणारा माणूस, सव्वीस वर्षं इंग्रजीत अहवाल लिहिलेले, म्हणून हे काम माझ्याकडे. लाल शाई शाळेची, म्हणून हिरवी वापरा, हे त्यांचंच सांगणं. एकदा 'स्कँटी', म्हणजे तुटपुंजं, या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं की आज डब्यात भाजी स्कँटी होती. मी म्हटलं, "दाजी, ताईला वाचून दाखवू का?"

"तिला इंग्रजी येत नाय म्हणून तर इंग्रजीत लिहिलंय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही खूप हसलो.

सहा वर्षांत अकरा वह्या झाल्या. मी नंतर बसून मोजले. वाक्यासकट पुरे केलेले शब्द सहा हजार चारशे पाच.

ते गेले त्याच दिवशी ताईनं मला विचारलं होतं, "तुला काही बोलले होते का रे? दुखतंय, खुपतंय?" मी "नाही" म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

तेरावा झाल्यावर तिनं अकरावी वही पुढे ठेवली. "यात रोजचं खरं लिहायचे ना? मला मराठीत सांग." मी पहिल्या पानापासून वाचत गेलो. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं वाक्य आलं, बंद पडलेल्या लिफ्टचं आलं, ताईच्या जास्त तिखट पिठल्याचं आलं. ती हसत होती, डोळे पुसत होती. मग एक पान आलं आणि मी थांबलो. जिना चढताना आज तीनदा थांबावं लागलं. चार पानांनी पुढे: डाव्या हाताची कळ इंटरमिटंट आहे, म्हणजे थांबून थांबून येते. आणखी पुढे: हे बायकोला सांगायला मी रिलक्टंट आहे, म्हणजे नाखूश.

सात आठवड्यांत अशी पाच वाक्यं होती. पाचही मी रविवारी तपासलेली. कुठे एक अक्षर घातलं होतं, कुठे क्रियापद बदललं होतं. वाक्य बरोबर आहे का, एवढंच पाहिलं. काय लिहिलंय ते पाहिलं नाही... अट मला सहा वर्षं ठाऊक होती.

पान उलटून पुढे जाता आलं असतं. तिला कळलं नसतं. मी पाचही वाचली.

ताईनं शेवटच्या वाक्याखाली बोट ठेवलं. "हे हिरवं काय आहे?"

"ते माझं आहे."

"काय लिहिलंयस?"

"छान."

तिनं बोट उचललं नाही. "पुढचं वाच," म्हणाली.

पुढे सोमवारचं पान होतं. त्यावर वाक्यं होती, हिरवी शाई नव्हती. त्यानंतर मंगळवार ते रविवार, सहा पानं. अठरा शब्द, दोन्ही भाषांत अर्थ, आणि वाक्याचा रकाना कोरा.

"संपलं," मी म्हटलं.

तिनं वही मिटून माझ्याकडे सरकवली. "तुझ्याकडेच ठेव. तपासणारा तूच ना."

वही आता माझ्या टेबलावर असते. रविवारी दहाला मी ती उघडतो. पेन बाजूला ठेवतो आणि एकेक वाक्य सावकाश वाचतो, काय लिहिलंय ते बघत.